फेणेच्या गोष्टीत बिबट्या का नाही?

लहान मुलांच्या रहस्यकथेवर मत कोणाचं घ्यायचं? आपण विशीतली मंडळी 'फास्टर फेणे'चं नाव निघालं की लगेच आठवणींत शिरतो, आणि त्याही बऱ्याचदा उसन्या. आई-बाबांनी पाहिलेली दूरदर्शनवरची सुमीत राघवनची मालिका, नाहीतर २०१७ मध्ये आलेला अमेय वाघचा सिनेमा. पण पुस्तक? खरं सांगा, तुमच्यापैकी कितींनी ते उघडलंय?

म्हणून म्हटलं, ज्या वयासाठी ते लिहिलंय त्याच वयाच्या वाचकाला विचारू. माझी मामेबहीण सहावीत आहे. जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळ, कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे, तिथे राहते. सुट्टीत तिला फेणेची दोन पुस्तकं दिली. अट एकच घातली. ताईने दिलंय म्हणून छान म्हणायचं नाही. दोन्ही पुस्तकं तिने दोन दिवसांत संपवली आणि मग तिने माझीच तोंडी परीक्षा घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा. शिकायला पुण्याच्या विद्याभवन शाळेत. सायकलवर सुसाट सुटणारा, नको तिथे नाक खुपसणारा आणि काही सुचलं की 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. त्याला जन्म दिला भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांपर्यंत आणणारे आणि 'बालमित्र' मासिक चालवणारे तेच हे भागवत. फेणेची एकूण २० पुस्तकं आहेत.

आता आमच्या समीक्षक बाईंचं मत. पहिला मुद्दा कौतुकाचा. "तो फुरसुंगीचा आहे ना, ते मला लय भारी वाटलं. गावचा आहे, पण शहरातल्या पोरांपुढे लाजत नाही." आपल्याला आज फुरसुंगी म्हटलं की ट्रॅफिक आणि कचरा डेपो आठवतो. भागवतांनी मात्र खेड्यातला मुलगा हीरो केला, आणि तोही गरीब बिचारा म्हणून नाही. बाहेरगावाहून पुण्यात होस्टेलला राहणाऱ्यांनो, पहिल्या वर्षी वर्गात गावाचं नाव सांगताना आवाज किती खाली गेला होता ते आठवा, म्हणजे हा मुद्दा किती मोठा आहे ते कळेल.

दुसरा मुद्दा तक्रारीचा. "योगायोग फार आहेत गं. नेमका हाच तिथे कसा पोचतो?" बरोबर आहे. फेणे पुरावे मांडून, तर्क लढवून गुन्हा उलगडतो असं क्वचितच होतं. तो आधी उडी मारतो, विचार नंतर. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. फेलूदा डोकं चालवतो, फेणे पाय चालवतो. ती म्हणाली, "मला पायवालाच आवडला. फक्त दर वेळी नशीब त्याच्याच बाजूने नको."

तिसरा मुद्दा तुम्ही ओळखला असेल. मुलींना काम कमी. यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

चौथ्या प्रश्नाने मात्र मी गप्प झाले. "ताई, हा संध्याकाळनंतर एकटा बाहेर कसा पडतो? त्याच्या गोष्टीत बिबट्या नाही का?"

तिने हे विनोद म्हणून विचारलं नव्हतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा उसाचा पट्टा, आणि इथे बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. माणसांवर हल्ले झालेत, लहान मुलं दगावलीत. पकडलेले, जखमी बिबटे ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र आहे. लाईट रात्रीची असली की शेतकऱ्याला अंधारात पाणी द्यायला जावंच लागतं, पण पोरांना अंधार पडायच्या आत घरात घेतात. माझ्या बहिणीचं खेळणं सूर्य मावळेपर्यंतच. तिच्या दृष्टीने फेणेचं सगळ्यात मोठं साहस म्हणजे चोर पकडणं नाहीच. कोणाला न विचारता सायकल काढणं, हेच खरं साहस.

जरा विचार करा. मुलांच्या कुठल्याही साहसकथेला चोर आणि खजिन्याच्या आधी एक गोष्ट लागते, मोकळं फिरायची मुभा. फेणेला ती होती. आज गावात बिबट्या आहे, शहरात ट्रॅफिक आणि क्लासेस आहेत, आणि मुलगी असाल तर परवानगी ही वेगळीच भानगड. म्हणजे पुस्तक जुनं झालंय ते मोबाईल नाही म्हणून नव्हे. त्यातलं मोकळं बालपण आता परीकथेसारखं वाटतं, म्हणून. आणि तरीही तिने ते दोन दिवसांत संपवलं. कदाचित त्यामुळेच.

मग आजची रहस्यकथा कशी असावी? मराठीत हा प्रकार संपलेला नाही. २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला. पण भूतबंगला शोधायला लांब कशाला जायचं? बोरीतच एक भन्नाट रहस्य पडून आहे.

कुकडीच्या काठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आसपास ज्वालामुखी नाही. मग राख आली कुठून? संशयित आहे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा, तीन हजार किलोमीटरहून लांब. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे बरंच काम केलंय. आता खरी गंमत. राख किती जुनी? एका मापनाने सांगितलं, सुमारे १४ लाख वर्षं. दुसऱ्याने सांगितलं, ६ लाख ७० हजार. काही शास्त्रज्ञ म्हणाले, ही टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख. पुरावा एक आणि उत्तरं तीन! त्यावर त्या हत्यारांचं वयही अडकलेलं. चोर पळून गेलेला नाही, फक्त तारीख जुळत नाही.

हे सांगितल्यावर सहावीतली समीक्षक सरळ बसली. "म्हणजे हे दिवसा, घरच्यांबरोबर जाऊनही शोधता येईल?" येईल की. तिच्या रहस्यकथेची नायिका रात्री भिंतीवरून उडी मारणार नाही. सकाळी आजोबांबरोबर नदीवर जाईल आणि नको ते प्रश्न विचारेल.

तुमच्या घरी असा दहा-बारा वर्षांचा वाचक असेल तर एक करून पाहा. पुस्तक द्या, पण 'काय बोध घेतलास' असं विचारू नका. 'लेखकाचं काय चुकलं' असं विचारा. फेणेला आमच्याकडे दहापैकी साडेसात मिळाले. योगायोगाचा एक कापला, मुलींचा दीड. बिबट्याचे मार्क कापले नाहीत. ती म्हणाली, "त्यात त्याची काय चूक?"