उघड्या आकाशाखालचा सभामंडप

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की आमच्या वऱ्हाड-विदर्भातील अनेक घरांत एक बेत शिजू लागतो. घरच्या मूर्तीचे विसर्जन यथासांग पार पडले की चार दिवस नागपूरला, पुण्याला किंवा मुंबईला असलेल्या लेकीकडे-लेकाकडे जाऊन ‘तिकडचे गणपती’ पाहून यावेत. २०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत आगगाडी आली आणि श्रीचिंतामणीच्या क्षेत्राला महानगरे अधिकच जवळ आली. परंतु ‘गणपती पाहणे’ म्हणजे केवळ मूर्तीचे दर्शन नव्हे, हे सर्वांस ठाऊक आहे. मांडवापुढील नाटुकले, गाणी, देखावे, पडद्यावरचा चित्रपट, कुठे कीर्तन, कुठे पोवाडा, असा तो सारा उघड्यावरचा थाट असतो. मग घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती विचारते, ‘यात देव किती आणि मौज किती?’

हा प्रश्न टाकाऊ नाही. परंतु त्याचे उत्तर मौजेला हद्दपार करण्यात आहे, असेही नाही. आपले शास्त्र या बाबतीत आपल्या समजुतीहून पुष्कळच उदार आहे.

इंद्रध्वजापुढील पहिला प्रयोग

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्यांनी काय मागितले? डोळ्यांनी पाहता येईल व कानांनी ऐकता येईल असे एक खेळणे! वेदश्रवणाचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांनाही ज्याचा लाभ होईल असा पाचवा वेद त्यांना हवा होता. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद निर्माण केला. करमणूक सर्वांसाठी असावी, ती वाटून घ्यावी, हा विचार नाट्याच्या जन्मातच आहे.

आणि पहिला प्रयोग कोठे झाला? इंद्राच्या ध्वजोत्सवात, म्हणजे उत्सवाच्या मोकळ्या जागेत. दैत्यांच्या पराभवाचे ते नाट्य पाहून दैत्य रागावले. त्यांनी विघ्नांना चिथावले. नटांची वाणी अडखळली, हालचाल थांबली, पाठांतर विसरले. सूत्रधारासह सारे जडवत् झाले. तेव्हा इंद्राने आपला ध्वजदंड उचलून विघ्नांना जर्जर केले, म्हणून त्या दंडाला ‘जर्जर’ हे नाव पडले. पुढे ब्रह्मदेवाच्या आज्ञेने विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. नाट्याला भिंती मिळाल्या त्या मागाहून आणि संरक्षणासाठी. जन्म मात्र उघड्यावरचा. इतकेच काय, नाट्यगृह झाल्यावरही ‘त्रिपुरदाह’ हा प्रयोग भगवान शंकरांपुढे झाला तो हिमालयाच्या रम्य परिसरातच, असे त्याच ग्रंथात आहे.

आमच्या कळंबकरांना या कथेतील दोन नावे विशेष जवळची वाटतील. एक इंद्र आणि दुसरे विघ्न. गौतमांच्या शापाने पीडित झालेल्या इंद्राने येथे तप केले आणि श्रीचिंतामणीची स्थापना केली, अशी आमची क्षेत्रकथा आहे. पायऱ्या उतरून देवापुढे जाताना लागणारे कुंड त्या तपाची आठवण देते. त्या कुंडाचे पाणी दर बारा वर्षांनी वाढून श्रींच्या चरणांना स्पर्श करते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. ज्या इंद्राच्या उत्सवात नाट्य जन्मले, तोच इंद्र येथे विघ्नहर्त्याला शरण आला. मग गणेशाच्या उत्सवात नाट्य असावे, हे अनुचित कसे?

वाडीतील रंगभूमी

मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा. पुढील वर्षी, १८९४ मध्ये, लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात या उत्सवाला व्यापक रूप आले. त्याबरोबर मेळे आले. मुलामुलींचे ताफे एका सुरात पदे म्हणत मांडवामांडवांतून फिरू लागले. व्याख्याने, कीर्तने, पोवाडे यांना हक्काचा श्रोता मिळाला. तिकिटाचे पैसे नसलेला गिरणी कामगार, घराबाहेर क्वचितच पडणारी गृहिणी आणि शाळकरी पोर हे तिघेही एकाच सतरंजीवर बसले, हा त्या उत्सवाचा मोठा चमत्कार होय.

गिरगाव-दादर-परळच्या चाळींतील चौक तर जणू नाटकासाठीच बांधले होते. खाली बाकडी जोडून केलेला रंगमंच, मागे चादरीचा पडदा, अंगणात बसलेली मुले, आणि तिन्ही बाजूंच्या मजल्यांवर कठड्याला टेकून उभी असलेली बिऱ्हाडे. कुणाच्या हातात निवडायची भाजी, कुणाच्या कडेवर तान्हे मूल. नट खोलीतला शेजारी, नटी म्हणून उभा राहिलेला पोरगा तळमजल्यावरच्या मास्तरांचा. शब्द विसरला तर तो वरच्या मजल्यावरून कोणीतरी सांगावा! मराठी रंगभूमीला कितीतरी नट अशा चौकांनी दिले.

या खुल्या परंपरेची दखल मोठ्या संस्थांनीही घेतली. मुंबई मराठी साहित्य संघाचे गिरगावातील केळेवाडीतले रंगमंदिर आरंभी खुलेच होते. बंदिस्त नाट्यगृह झाले ते १९६४ साली. त्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. अ. ना. भालेरावांनी उघड्या रंगमंचावर नाट्यमहोत्सव भरवून नाटकाच्या पडत्या काळात प्रेक्षक पुन्हा जोडला.

रस्त्यावरचा पडदा

चित्रपटाचे नातेही याच गिरगावाशी आहे. त्र्यंबकेश्वरी शास्त्र्यांच्या घरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. भारतीय चित्रपटाचा आरंभ पुराणकथेने झाला, हे कीर्तनकाराला कसे विसरता येईल? जे आख्यान आम्ही उत्तररंगात शब्दांनी उभे करतो, ते फाळक्यांनी प्रकाशाने उभे केले.

पुढे गणेशोत्सवात हा प्रकाश रस्त्यावर आला. गल्लीच्या मधोमध दोन खांबांना पांढरे कापड ताणून बांधायचे, एका बाजूस १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर ठेवायचा आणि काळोख पडला की खेळ सुरू करायचा. गर्दी दोन्ही अंगांना बसे. पडद्यामागच्या प्रेक्षकांना अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा होई. तरी कोणाची तक्रार नसे. रीळ बदलताना दिवा लागे, तेवढ्यात शेंगदाण्याच्या पुड्या फिरत. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ असा उघड्यावर पाहताना पायांतील वहाणा काढून ठेवणारी माणसे होती. पडदा कापडाचा असला तरी भाव खराच होता.

घरोघरी दूरचित्रवाणी आली, मग हातोहाती भ्रमणध्वनी आला आणि रस्त्यावरचा पडदा बहुतेक उतरला. मात्र उघड्यावरचे नाटक संपले नाही. पुण्याच्या पेठांतून उत्सवात ‘जिवंत देखावे’ होतात, ते अवश्य पाहावेत. दहा-पंधरा मिनिटांचे नाट्य, त्याच गल्लीतील तरुण पात्रे, आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद आणि एकाच रात्रीत पुनःपुन्हा होणारा प्रयोग. कधी शिवचरित्रातील प्रसंग, कधी संतकथा, कधी व्यसनमुक्ती. प्रेक्षक बसून राहत नाही, चालत राहतो. एका मंडळापुढून दुसऱ्यापुढे जातो. वारीत जसे चालता चालता भजन, तसे येथे चालता चालता नाटक!

आतून आलेले विघ्न

येथवर सारे गोड आहे. परंतु उघड्या रंगमंचाला आज एक नवे विघ्न लागले आहे आणि ते दैत्यांनी पाठविलेले नाही. ते आपल्याच मांडवातून उठते. त्याचे नाव गोंगाट.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासनाला ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढविता येते. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा ठामपणे उचलून धरल्या. परिणाम काय झाला? मुंबईत धोबीतलावाचे रंगभवन हे मोकळ्या आकाशाखालचे नामांकित नाट्यस्थान. रुग्णालये व महाविद्यालय शेजारी असल्याने ते शांतता क्षेत्रात आले आणि तेथील कार्यक्रम थांबले. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. तो घड्याळाच्या चौकटीत आला. तंबोऱ्याच्या सुराने कोणाची झोप मोडत नव्हती. पण नियमाला तंबोरा आणि भिंतीएवढे कर्णे यांत भेद करता येत नाही. जे बेसूर ओरडले त्यांची शिक्षा सुरेल गाणाऱ्यांनाही भोगावी लागली.

यावर काही जण कायद्याला धर्मविरोधी म्हणतात. हे म्हणणे शास्त्राला मान्य होणार नाही. मर्यादेचा विचार भरतमुनींनी आधीच करून ठेवला आहे. मनुष्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असे मध्यम नाट्यगृह त्यांनी श्रेष्ठ मानले. कारण त्याहून मोठ्या जागेत उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसेनासा होतो. नाट्यमंडप पर्वतातील गुहेसारखा, वाऱ्याचा झोत न लागणारा असावा, म्हणजे स्वर गंभीर राहतो, असेही ते सांगतात. पुढे अभिनवगुप्ताचार्यांनी रसास्वादातील सात विघ्ने मोजली. प्रतीतीच्या साधनांची उणीव व स्पष्टतेचा अभाव ही त्यांतीलच. जेथे शब्द कळत नाही तेथे अर्थ पोचत नाही, आणि अर्थ पोचला नाही तर रस कोठून येणार? छातीचे ठोके चुकविणाऱ्या आवाजाने कान भरतात, अंतःकरण रिकामेच राहते.

आणखी एक गोष्ट. मांडवाशेजारच्या इमारतीत अंथरुणाला खिळलेला वृद्ध, परीक्षेला बसलेली मुलगी, नुकतीच जन्मलेली बाळे हेही आपल्या उत्सवाचे श्रोतेच असतात. फरक इतकाच की त्यांना उठून जाता येत नाही. कीर्तनात श्रोता कंटाळला तर तो उठतो आणि कीर्तनकार शहाणा होतो. ज्याला उठण्याची सोय नाही, त्याच्या संमतीची काळजी घेणे हा आपला धर्म होय. तो पाळला असता तर कायद्याला यावे लागले नसते.

घरातील मंडळींनी काय करावे?

म्हणून महानगरात उत्सव पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांस थोडे सुचवितो. केवळ मोठ्या रांगांच्या मागे धावू नये. दर्शनाइतकेच श्रवणालाही एक संध्याकाळ राखून ठेवावी. ज्या मंडळात नाटक, कीर्तन किंवा भजन आहे ते आधी विचारून घ्यावे आणि आरतीच्या वेळेस जाऊन बसावे, म्हणजे खेळ पूर्ण पाहावयास मिळतो. नातवंडांना पुढे बसवावे. घरी परतल्यावर त्यांना विचारावे, ‘काय पाहिलेस?’ त्यांनी कथा सांगितली तर देखावा सफल झाला असे समजावे. त्यांनी फक्त दिवे आणि आवाज सांगितला तर पुढील वर्षी मंडळ बदलावे. वर्गणी देताना कार्यकर्त्यांना हात जोडून विचारावे, ‘बाळांनो, यंदा नाटक कोणते?’ या एका प्रश्नात कर्ण्यांच्या भिंती खाली आणण्याचे सामर्थ्य आहे. कारण मंडळ शेवटी वर्गणीदाराचे ऐकते.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा मान दिला. मान शासन देऊ शकते. शील मात्र समाजालाच द्यावे लागते. उघड्या आकाशाखालच्या या सभामंडपाला दार नाही, भिंत नाही, तिकीट नाही. म्हणूनच त्याची राखण कोणी द्वारपाल करू शकत नाही. ती प्रत्येक प्रेक्षकाला करावी लागते. इंद्राच्या हातचा जर्जर आज आपल्या हाती आहे आणि त्याचे नाव संयम.

श्रीचिंतामणी सर्वांच्या चिंता हरण करो, उत्सवातील विघ्ने दूर करो, आणि गावागावांत, नगरानगरांत चांगल्या शब्दाला ऐकणारा कान लाभो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.