टार्गेट प्रशिक्षण : अडथळ्यावर नेमके पाऊल ठेवायला शिकवणारी पद्धत

ठरावीक वस्तूला शरीराचा ठरावीक भाग लावायला कुत्र्याला शिकवणे, म्हणजे टार्गेट प्रशिक्षण. वस्तू साधी असते : हँडलरचा म्हणजे कुत्र्याला हाताळणाऱ्याचा तळहात, डब्याचे झाकण, चटईचा तुकडा. कुत्र्याला ओढून किंवा ढकलून जागेवर आणले जात नाही. तो स्वतः तिथे पोचतो आणि बक्षीस मिळवतो. बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात मांडलेले तत्त्व यामागे आहे : ज्या कृतीनंतर लाभ होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो.

१९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वान-प्रदर्शनात अ‍ॅजिलिटी हा कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा खेळ पहिल्यांदा सादर झाला; या खेळात टार्गेट प्रशिक्षण कामी येते. त्यातील ए-फ्रेम (दोन उतारांचा त्रिकोणी अडथळा), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ (खाली-वर झुकणारी फळी) या तीन अडथळ्यांच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. उतरताना त्यावर पाय टेकलाच पाहिजे. वेगात आलेला कुत्रा वरूनच उडी मारतो, तेव्हा सगळा भार त्याच्या खांद्यांवर आणि पुढच्या पायांवर येतो. म्हणून हा नियम गुणांइतकाच कुत्र्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे.

ठरलेल्या जागी नेमके पाऊल ठेवण्याचे हेच कौशल्य आपत्तीच्या वेळी जीव वाचवते. वाराणसीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची म्हणजे एनडीआरएफची अकरावी बटालियन आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारतातून गेलेल्या पथकांत वाराणसीचे पथकही होते. त्या मोहिमेत ज्युली आणि रोमिओ या एनडीआरएफच्या श्वानांनी ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधून दिली. शोधकार्यातील कुत्र्याला डगमगत्या फळीवर, तुटलेल्या स्लॅबवर आणि शिडीवर चालावे लागते. आंतरराष्ट्रीय शोध-बचाव श्वान चाचण्यांतही शिडी, हलता पूल आणि बोगदा असतो. शिवाय दूरवरून हाताच्या इशाऱ्याने ठरलेल्या मंचावर जाऊन थांबायचे असते. हा मंच म्हणजे मोठे टार्गेटच.

शिकवण्याचा क्रम असा. आधी नाक तळहाताला लावायचे. स्पर्श झाल्याच्या क्षणी क्लिकर (टक् असा आवाज करणारे छोटे उपकरण) वाजवायचा किंवा ‘शाबास’ म्हणायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. उशीर झाला तर बक्षीस नेमके कशाचे, हे कुत्र्याला कळत नाही. मग जमिनीवरचे झाकण. त्यानंतर जिन्याची शेवटची पायरी : मागचे दोन पाय पायरीवर, पुढचे दोन जमिनीवर, नाक झाकणाला. या स्थितीला ‘टू ऑन, टू ऑफ’ म्हणतात. ती पक्की झाली की कुत्र्याला अडथळ्याच्या उताराच्या तळाशी ठेवतात, मग थोडे वर, शेवटी माथ्यावर. शेवट आधी शिकल्यामुळे प्रत्येक वेळी कुत्रा ओळखीच्या जागेकडे धावतो.

सी-सॉचा धडा वेगळा. फळी पायाखाली खाली जाते, आपटते. त्या हालचालीची आणि आवाजाची भीती बसली तर ती सहज जात नाही. सुरुवातीला फळी जेमतेम उचललेली ठेवतात, टोकाखाली गादी घालतात आणि टोकावरच खाऊ देतात. उंची हळूहळू वाढते.

वाराणसीच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. लोखंड आणि रंगवलेले लाकूड तळव्यांना भाजते, आणि कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते. त्यामुळे सराव पहाटे, थोडा वेळ आणि सावलीत घ्यावा. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लाला उंच अडथळे देऊ नयेत; जमिनीवरची फळी आणि झाकण त्याला पुरते.

शेवटचा टप्पा टार्गेट काढून घेण्याचा. झाकण कापत कापत लहान करतात किंवा त्या जागी पारदर्शक प्लास्टिक ठेवतात. मग तेही उचलतात. त्याच वेळी हँडलर जागा बदलतो : कधी पुढे, कधी मागे, कधी दूर. वस्तू नसतानाही आणि हँडलर कुठेही असला तरी कुत्रा उताराच्या तळाशी थांबला, तरच धडा पुरा झाला. चूक झाली तर शिक्षा नसते. उंची कमी करून मागच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात होते.