कण्याच्या आतले धन

आपल्या भाषेने पाठीच्या कण्याचा गौरव मनसोक्त केला आहे. ताठ कण्याचा माणूस म्हटले की एखादा मानी गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. जो कोणापुढेही वाकतो, त्याला कणाच नाही असे म्हणून आपण मोकळे होतो. पण शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर इथे मान द्वारपाळाला मिळाला आणि घरधनी उपेक्षित राहिला! कणा ही हाडांची पेटी. तिच्यातला दागिना म्हणजे मज्जारज्जू.

मणके एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकाला मागे एक भोक असते आणि या भोकांची मिळून एक नळी होते. तिच्यात करंगळीएवढ्या जाडीची, सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट लांबीची मऊ दोरी मेंदूपासून खाली उतरते. तिच्याभोवती तीन आवरणे असून आतल्या दोहोंच्या मध्ये स्वच्छ पाणी असते. इतका बंदोबस्त शरीराने फारच थोड्या अवयवांचा केला आहे.

या रज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखालच्या त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. प्रत्येक तंतूला दोन मुळे असतात. पाठीकडचे मूळ वार्ता आत नेते, पोटाकडचे मूळ आज्ञा बाहेर आणते. ही कामाची वाटणी फ्रान्समधील माजांदी यांनी १८२२ साली प्रयोगाने दाखवून दिली.

मात्र रज्जू हा नुसता निरोप्या नव्हे. तापल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि ‘आई ग!’ मागाहून तोंडून निघते. हात मागे घेण्याचा हुकूम रज्जूनेच परस्पर सोडलेला असतो. मेंदूला खबर किंचित उशिरा पोचते. आग लागल्यावर पाणी ओतायला वरिष्ठांची मंजुरी कोण मागवीत बसेल?

मौज अशी की हा रज्जू कण्यापेक्षा आखूड असतो. वाढीच्या काळात हाडे पुढे जातात आणि तो मागे राहतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. खाली उरतो तो तंतूंचा झुबका. वैद्यकात त्याचे लॅटिन नाव ‘घोड्याचे शेपूट’ अशा अर्थाचे आहे. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीत सुई देतात, तेव्हा घरची माणसे घाबरतात. पण डॉक्टर सुई घालतात ती रज्जू संपतो त्याच्या खाली.

एवढे जपायचे कारण काय? हातापायातला तुटलेला तंतू, परिस्थिती अनुकूल असेल तर, हळूहळू पुन्हा वाढू शकतो. रज्जू तुटला तर तो तसा सांधत नाही. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर झाली तर पाय लुळे पडतात. मानेत झाली तर हातही जातात. श्वासाचा पडदा हलवणारा तंतू मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तंतूंपासून होतो. त्याच्या वर घाव बसला तर श्वासच अडतो.

म्हणूनच एक गोष्ट घरातल्या लहानथोरांनी पक्की ध्यानात ठेवावी. जिन्यावरून, झाडावरून किंवा वाहनावरून कोणी जोरात पडले, की आपण धावतो, त्याला उठवून बसवतो, पाणी पाजतो आणि रिक्षात कोंबतो. हेतू चांगला, पण मणका मोडूनही रज्जू शाबूत असेल, तर आपल्याच मदतीने तो चिरडण्याचा धोका असतो. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर झाले असतील किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर त्याला हलवू नये. डोके धरून स्थिर ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आग किंवा रहदारी यांमुळे हलवणे भागच पडले, तर चौघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे. श्वास चालू आहे ना, इकडे मात्र सतत लक्ष हवे.

धावून जाणे हा आपला स्वभाव आहे, तो तसाच राहो. फक्त पडलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी त्या दीड फुटी दोरीची आठवण व्हावी.