उलटं केलेलं छप्पर

घराचा आराखडा करणाऱ्या सॉफ्टवेअरला भिंत म्हणजे काय हे आधीच शिकवलेलं असतं. रेव्हिटमध्ये रेघ ओढली की भिंत उभी राहते, खिडकी बसवली की भिंत आपोआप तेवढी कापली जाते. पण त्याच सॉफ्टवेअरवर स्केट पार्क काढायला घेतला की पंचाईत होते, कारण तिथं भिंत आणि जमीन वेगळ्या नसतातच, जमीनच वळत वळत भिंत होते. मग डिझायनर वैतागून दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तो वळसा ओढूनताणून काढतो आणि तयार गोळा इथं आणून चिकटवतो. पडद्यावर तो झकास दिसतो, पण त्यावरून गवंड्याला काम करता येत नाही. वक्र हा ओढून काढायचा नसतो. कोणता छेद कुठून कसा सरकला म्हणजे तो तयार होतो, हे आधी ठरवायचं असतं.

स्केट पार्कच्या बाऊलची, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट भागाची, एक बाजू घ्या. वळणाची त्रिज्या 7 फूट आणि उंची 5 फूट ठरली, की बाकीचं गणितच सांगतं: वळण जमिनीवर सुमारे 6.7 फूट जागा घेणार आणि काठाशी चढ साधारण 73 अंशांचा होणार. हा छेद सरळ रेषेवर सरकवला की बाऊलची बाजू झाली. सॉफ्टवेअर त्याला स्वीप म्हणतं. तोच छेद उभ्या अक्षाभोवती फिरवला की कोपरा झाला, त्याला रिव्हॉल्व्ह म्हणतात. ही दुसरी युक्ती धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. या जिल्ह्यातलं तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव, आणि कुंभाराच्या चाकावर दुसरं काय घडतं? दोन्हींत फरक मात्र मोठा आहे. कागद नळीवर गुंडाळता येतो, चेंडूवर गुंडाळायला गेलं की चुण्या पडतात. तसंच प्लायवूड बाजूवर वाकतं, कोपऱ्यावर नाही. म्हणून कामगार ठरावीक अंतरावर प्लायवूडचे कापलेले फर्मे उभे करतात, काँक्रीट फवारतात आणि फर्म्यांच्या आधारानं पृष्ठभाग खरवडून घेतात. त्यांना लागते ती त्रिज्या. चिकटवलेल्या गोळ्यात त्रिज्या नसते, बारीक सपाट तुकडे असतात. 7 फुटी त्रिज्येच्या पाव वर्तुळाचे सहाच तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा मधोमध खऱ्या वक्रापासून सुमारे 18 मिलिमीटर सुटतो आणि दर सांध्याला 15 अंशांचा मोड पडतो. स्केटबोर्डच्या चाकाचा व्यास पन्नास-साठ मिलिमीटर असतो. अशा मोडावर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आता तेरचं त्रिविक्रम मंदिर पाहा. विटांची ही लहानशी वास्तू मुळात चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, असं पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांच्यापासूनचे अभ्यासक मानतात. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. मूळ दालन लांबट, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. हे छप्पर मनातल्या मनात उलटं करा: दोन लांब वळलेल्या बाजू आणि टोकाला गोलाई. बाऊलचाच आकार! म्हणजे इथंही एक स्वीप, एक रिव्हॉल्व्ह, काम फत्ते? नाही. हे छप्पर कमानीचं नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत, दोन्हीकडून जवळ आणत ते मिटवलंय. खरी कमान भिंतींना बाहेर ढकलते, पुढे काढलेले थर मुख्यतः खाली दाबतात. मॉडेलमध्ये गुळगुळीत अर्धनळी काढली, तर इंजिनिअर भार भलतीकडेच शोधेल. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात ही चूक लहान म्हणता येणार नाही. म्हणून इथला छेद पायऱ्यांचा काढायचा आणि मग तो पायऱ्यांचा छेद सरकवायचा, फिरवायचा.

यावर कुणी म्हणेल, लेझर स्कॅन असताना हा खटाटोप कशाला? लाखो बिंदू मिळतात, आकार जसाच्या तसा येतो. खरं आहे, आणि जुन्या वास्तूचं स्कॅनिंग आधी व्हायलाच हवं. विटांचं काम कधी शुद्ध वर्तुळात नसतं, एका छेदावर भागतही नाही. पण पृष्ठभाग कुठे आहे एवढंच स्कॅन सांगतं. भिंतीला आलेला फुगवटाही त्याच्या लेखी आकारच. छेदावरून केलेलं मॉडेल स्कॅनवर ठेवलं, की दोघांतलं अंतर दिसतं. फुगवटा कुठे आणि किती, हे तेव्हा कळतं. दुसरा आक्षेप सरळ आहे: दुष्काळी जिल्ह्यात स्केट पार्क कोण बांधणार? मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात 2015 मध्ये तो उभा राहिलाच. इथं उद्याच बांधा असा माझा हट्ट नाही. बाऊल असो की चैत्यगृह, आधी छेद कागदावर यावा, एवढाच आग्रह आहे.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वक्राचा पहिला सराव सॉफ्टवेअरमधल्या तयार नमुन्यांवर करू नये. धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटरवर आहे. मंदिराच्या मागच्या बाजूला उभं राहावं, विटांचे थर मोजावेत, वहीत छेद काढावा. लॅपटॉप त्यानंतर उघडावा.