संगणक अभियंत्याला सल्ला विचारताना

दिवाळीत किंवा लग्नसराईत पुण्याहून कुणी सॉफ्टवेअर इंजिनिअर गावी आला, की दहावी-बारावीची मुले-मुली त्याला गाठतात. ‘दादा, आम्ही काय करावे? कोणता कोर्स चांगला? पगार किती मिळतो?’ असे प्रश्न होतात. दादाही घाईत असतो. तो दोन-चार इंग्रजी नावे सांगतो, ‘अभ्यास कर, मेहनत घे’ म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. मुलांच्या हाती काहीच लागत नाही. पुढे महिन्याभरात घरचे लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून कर्ज काढतात आणि एखाद्या क्लासची फी भरून मोकळे होतात.

दोष मुलांचा नाही आणि दादाचाही नाही. सल्ला घेणे हेही एक काम आहे आणि ते कुणी शिकवलेले नसते. पहूरसारख्या गावातील ज्या घरात पहिल्यांदाच कुणी या क्षेत्राकडे वळत आहे, त्या घराला एक चुकीचे वर्ष फार महागात पडते. मुलगी असेल तर तिला दुसरी संधी मिळेलच याचीही खात्री नसते. म्हणून नोकरी करणाऱ्या माणसाकडून उपयोगाचा सल्ला कसा मिळवावा, याचा येथे थोडा विचार करू.

हा माणूस दिवसभर काय करतो?

सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न हा आहे. पगाराचा प्रश्न नंतर. बहुतेकांची समजूत अशी, की सॉफ्टवेअर इंजिनिअर दिवसभर भराभर टाईप करीत असतो. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचण्यात, चूक कुठे आहे हे शोधण्यात आणि ‘तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ हे लोकांना विचारण्यात जातो.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. कापसाच्या व्यापाऱ्याला हिशोबाचा प्रोग्राम हवा आहे. भरलेली गाडी काट्यावर २,८६० किलो भरली, रिकामी १,६२० किलो. निव्वळ कापूस १,२४० किलो, म्हणजे १२ क्विंटल ४० किलो. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला तर ८६,८०० रुपये झाले. शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल २०,००० वजा केली, देणे ६६,८०० रुपये. एवढे गणित सातवीचा मुलगाही करील.

इंजिनिअरचे काम यानंतर सुरू होते. एकाच गाडीत दोन प्रतींचा माल असून दोन भाव ठरले तर? तीच काटापावती चुकून दोनदा लिहिली गेली तर? उचल मालाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर? नोंद होत असताना लाईट गेली तर अर्धी नोंद राहील की पुसली जाईल? एकदा लिहिलेला आकडा नंतर कुणाला बदलता येईल, आणि बदलला तर ते शेतकऱ्याला कळेल का? हे प्रश्न आधी सुचणे, प्रत्येकाचे उत्तर ठरवणे आणि प्रोग्राम तसाच चालतो की नाही हे तपासून पाहणे, यालाच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणतात. बँकेचे असो वा रेल्वेच्या आरक्षणाचे, मोठ्या प्रोग्राममागेही हीच पद्धत असते. फक्त प्रश्न हजारोंनी असतात आणि माणसे शेकडोंनी.

ज्या मुलाला असे ‘तर काय?’ विचारण्यात गोडी वाटते, चूक सापडेपर्यंत ज्याला चैन पडत नाही, त्याला हे क्षेत्र मानवेल. ज्याला केवळ वातानुकूलित कचेरी आणि पगार दिसतो, त्याने अजून विचार करावा.

सांगणाऱ्याचे साल विचारा

पूर्वी पहूरचा माणूस मुंबईला निघाला, की पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेने, म्हणजे आपल्या पी.जे.ने, पाचोऱ्याला जाऊन मोठी गाडी धरू शकत असे. २०२० च्या टाळेबंदीत ती छोटी गाडी थांबली. आज कुणी त्याच गाडीचे वेळापत्रक सांगू लागला, तर तो खोटारडा ठरत नाही. तो आपल्या वेळची वाट सांगतो आहे. करिअरच्या सल्ल्याचेही तसेच आहे.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जगभर एक मोठी अडचण उभी राहिली होती. जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत. २००० साल उजाडताच संगणक त्याला १९०० समजतील अशी भीती होती. ते दुरुस्त करण्यासाठी खूप माणसे लागली आणि भारतातील पुष्कळ तरुणांना काम मिळाले. लगेच २००१ च्या सुमारास अमेरिकेत मंदी आली आणि भरती आटली. २००८ मध्ये पुन्हा तसेच झाले. करोनाच्या काळात, २०२१ च्या आसपास, कंपन्यांनी जोरात भरती केली. मात्र २०२३-२४ या आर्थिक वर्षात टी.सी.एस., इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही मोठ्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांची संख्या वाढण्याऐवजी घटली.

म्हणजे १९९८ साली लागलेला काका ‘एक कोर्स केला की झाले’ म्हणेल आणि २०२४ साली पास झालेला मुलगा ‘या लाइनीत येऊच नका’ म्हणेल. दोघेही आपापला अनुभव सांगत आहेत. म्हणून विचारावे : ‘आपण कोणत्या साली लागलात? आज आपल्या कंपनीत नवीन मुलांना कसे निवडतात? कॉलेजात शिकलेल्यापैकी काय आजही कामी येते?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवावे. तीन-चार जणांना विचारले तर उत्तरे बरीचशी जुळतील : गणिती विचार, डेटाबेस, संगणकाचे जाळे कसे चालते याची समज, एक भाषा नीट येणे, साधे स्वच्छ इंग्रजी वाचता-लिहिता येणे. भाषा बदलत राहतात. सी भाषा १९७२ च्या सुमाराची, पायथॉन १९९१ ची, आणि दोन्ही आजही वापरात आहेत. एक नीट आली की दुसरी शिकता येते. ‘कोणती भाषा शिकू?’ या प्रश्नावर वर्ष घालवणे व्यर्थ आहे.

हातात काही घेऊन जा

‘सर, मला आय.टी.मध्ये करिअर करायचे आहे, मार्गदर्शन करावे,’ अशा निरोपाला कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. विचारणारा कुठे उभा आहे हेच त्यातून कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे :

‘दादा, सविनय जयभीम. मी पहूरला बारावी सायन्सला आहे. गणितात बरा आहे, इंग्रजी बोलताना अडखळतो. पायथॉनमध्ये घरच्या दूध-हिशोबाचा छोटा प्रोग्राम केला आहे. महिना संपला की बेरीज बरोबर येते, पण एक दिवस दूध आले नाही तर चुकते. ते कसे सोडवावे हे कळत नाही. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तर बीसीए करावे की बी.एस्सी. कॉम्प्युटर, असा दुसरा प्रश्न आहे. आपणास सवड असेल तेव्हा पंधरा मिनिटे द्यावीत.’

या पत्राला उत्तर येण्याची शक्यता किती तरी अधिक. यात मुलाने आपली बाजू मांडली आहे, काही करून पाहिले आहे आणि कुठे अडले ते सांगितले आहे. इंजिनिअर माणसाला अडलेली जागा दाखवली, की त्याचे मन आपोआप तिथे रमते.

काम आपल्या जवळच्या अडचणीतून निघते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उपाय करणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. प्रत्येकाने कंपनी काढावी असा याचा अर्थ नाही. पण दुकानातील, शेतातील, दूध डेअरीतील खरी अडचण ओळखता येणे ही या धंद्यातली मोठी पुंजी आहे आणि ती खेड्यातील मुलाजवळ कमी नसते.

वाट एकच नाही

बारावीला गणित घेऊन सीईटी दिली तर इंजिनिअरिंगला जाता येते. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. बांभोरी, फैजपूर, धुळे, शिरपूर येथेही महाविद्यालये आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बीसीए किंवा बी.एस्सी. करून पुढे एमसीए करता येते. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते आणि अर्जाची तारीख निघून जाते. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचे अभ्यासक्रमही आहेत. त्यांना प्रवेश परीक्षा असते.

फीची चिंता करणाऱ्यांनी आधी समाजकल्याण विभागाच्या योजना पाहाव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, फी माफीची योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते हाती येत नाही. ही मदत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते, गल्लीतल्या क्लासला नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

क्लासची फी भरण्यापूर्वी

सगळे क्लास वाईट नसतात. पण ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी पाटी दिसली, की पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. हमी म्हणजे नेमके काय ते लेखी मागावे. मागील वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांना, क्लासने निवडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधून भेटावे. आणि पहिल्या महिन्याचीच फी भरून पाहावे. जो सर्व रक्कम एकदम मागतो आणि कर्जाचे कागदही स्वतःच पुढे करतो, तेथून उठून यावे. नोकरी लावण्यासाठी कुणी कंपनीच्या नावाने पैसे मागितले, तर ते फसवणूकच समजावे. चांगल्या कंपन्या उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत.

शिकण्याचे पुष्कळ साहित्य फुकट मिळते. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे पाठ एन.पी.टी.ई.एल.वर आहेत. लिनक्सला पैसे पडत नाहीत. मोबाईलवर पाठ ऐकता येतो, पण प्रोग्राम लिहिण्यासाठी संगणक हवा. घरी नसेल तर कॉलेजची लॅब सुटेपर्यंत तेथे बसावे, किंवा दोघा-तिघांनी मिळून एक जुना लॅपटॉप घ्यावा.

यंत्रच प्रोग्राम लिहिते, मग?

२०२२ च्या अखेरीपासून माणसाशी बोलल्यासारखे उत्तर देणारी यंत्रे आली आणि ती प्रोग्रामही लिहून देतात. मग शिकायचे कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. नवशिक्यांना पूर्वी दिली जाणारी सोपी कामे यापुढे कमी होतील, हे मान्य करूनच पाऊल टाकावे. पण वरच्या कापसाच्या हिशोबात यंत्र वजाबाकी लिहून देईल. व्यापारी आणि शेतकरी यांच्यात उचलीचा वाद कसा होतो, हे त्याला आपणहून ठाऊक नसते. त्याने लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे तपासणारा माणूस लागतोच, आणि ज्याला स्वतःला लिहिता येत नाही त्याला तपासताही येत नाही. म्हणून यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ समजावून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी, नोकरीत असलेल्या आपल्या बंधू-भगिनींसाठी दोन शब्द. गावी आल्यावर मुलांना उपदेश करण्यापेक्षा आपला लॅपटॉप उघडून तासभर त्यांच्याजवळ बसावे. आपण चूक कशी शोधतो ते दाखवावे. आपल्याबरोबर काम करणारे कोण डिप्लोमा करून आले, कोण बी.एस्सी. करून आले, मुलाखतीत कितीदा नापास झाले, हे सांगावे. एखादी मुलगी मागे उभी राहून ऐकत असेल तर तिला पुढे बोलावून तिचा प्रश्न आधी घ्यावा. आणि जे आपल्याला माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून सांगावे, कारण त्या शब्दावर कुणाच्या तरी घरची वर्षाची कमाई लागणार असते. विद्यार्थ्यांनी नीट विचारावे आणि जाणत्यांनी खरे सांगावे, एवढीच अपेक्षा.