बुधवारी फियाट निघते

सकाळी ६. इंजिन गार असतानाच बॉनेट उघडते. रेडिएटरचं पाणी, डिपस्टिक, ब्रेक ऑइलची डबी. मग गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा ओढून काढते. पातळ काळपट थेंब इंजिनचे, घट्ट आणि उग्र वासाचे गिअरबॉक्सचे. माझी फियाट ११०० डिलाइट १९६८ सालची. थोडे थेंब पडणारच. थेंबांची जागा बदलली तर काळजी. आज जागा त्याच आहेत.

६.३०. गाडी काही दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडतं. पेट्रोलच्या एसी पंपाची दांडी हाताने मारून वाटी भरते, चोक ओढते, स्टार्टर देते. इंजिन धरतं. आठवड्यातून दहा मिनिटं जागेवर चालू ठेवली की झालं, असं जुन्या गाड्यांचे बरेच मालक सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. दहा मिनिटांत रेडिएटरचं पाणी कोमट होतं, ऑइल पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ मग ऑइलच्या संपमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि आतून गंज धरतो. ब्रेक तर हलतही नाहीत. ऑइल नीट तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालवणं हा देखभालीचाच भाग आहे. म्हणून बुधवारी कॉलेजला मी हीच गाडी नेते.

७.३०. कोथरूडहून कॅम्प. गिअरची दांडी स्टिअरिंगला. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं लागतं आणि त्या अंतरात रिक्षा घुसतेच. नळस्टॉपच्या अलीकडे ब्रेक लावल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढते. याचा अर्थ उजवीकडचा ब्रेक कमी धरतोय. पुढचा रस्ता मी अगदी सावकाश, कडेकडेने काढते आणि पोचल्याबरोबर मिस्त्रींना फोन करते.

१२.३०. ऑक्टोबरचं ऊन. गाडी झाडाखाली ठेवून रिक्षाने जुन्या बाजारात जाते. बुधवार आणि रविवार हे त्याचे दिवस. डिलाइटचे बरेच भाग प्रीमियर पद्मिनीचे चालतात, दोघींचं इंजिन त्याच १०८९ सीसीच्या घराण्यातलं. आजवर आमच्यासारख्यांची सोय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे झाली. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज धावायच्या, म्हणून दुकानदार माल ठेवायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून दर फेरीला माल विरळ दिसतो. आज ब्रेक सिलिंडरचे रबर वॉशर मिळाले. बोटाने दाबून, तडे नाहीत हे पाहून घेतले.

३.३०. पेट्रोल. टाकी मी कधी पूर्ण भरत नाही. आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो. ते सगळं मी नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं करून घेतलं. पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी उतरून पत्रा खातं. पेट्रोल लागेल तेवढंच घ्यावं आणि लवकर जाळावं.

५. मिस्त्रींकडे. पुढचं उजवं चाक निघतं, ड्रम निघतो. एका सिलिंडरचा पिस्टन जाम.

"पावसाळ्यात गाडी निघाली नाही ना फार?"

"नाही मिस्त्री. खड्डे होते."

"तेच. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, ताई. पिस्टन हलत राहिला तर गंज बसत नाही."

सिलिंडर बारीक पॉलिश पेपरने साफ होतो, आत खड्डा पडलेला नाही हे ते बॅटरीच्या उजेडात दाखवतात, नवे वॉशर बसतात. मग एअर काढायची. मी आत बसून पेडल मारते, ते खाली निपल सोडतात. "मारा. धरून ठेवा. सोडा." बाटलीत बुडबुडे यायचे थांबतात, पेडल वरच कडक लागतं. चाक उघडलंच आहे म्हणून किंगपिनला ग्रीस. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आज बघायचे नाहीत असं मी सांगते. चालू असलेली वस्तू उगाच उघडू नये, या मताची मी आहे. दर उघडझापीत एखादा जुना बोल्ट आटे सोडतो आणि तसा बोल्ट पुन्हा मिळत नाही.

गाडी न्यायला आलेले एक गृहस्थ विचारतात, पन्नास वर्षांवरची गाडी ना, मग विंटेजची नोंदणी का नाही केली? २०२१च्या नियमांनी ती सोय झाली, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच ती बाहेर काढायची. ज्यांना कापडाखाली ठेवायची आहे त्यांनी खुशाल करावी. मी दर पाच वर्षांनी तपासणी करून साधी नोंदणीच वाढवून घेते, हरित कर भरते.

७.१५. परतीच्या वाटेवर मोकळा पट्टा बघून स्टिअरिंग सैल धरून ब्रेक लावते. गाडी सरळ थांबते.

८.३०. वहीत लिहिते: किलोमीटर, पुढचा उजवा सिलिंडर, ग्रीस. खाली शनिवारचं काम: उरलेल्या तीन चाकांचे ड्रम उघडून बघणे. पाऊस चारही चाकांवर सारखाच पडला आहे. ते झाल्यावर खडकवासल्यापर्यंत चालवणे.