कुडापासून कृत्रिम तंतूपर्यंत

पालघर जिल्ह्यांतील जुन्या वारली घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा असतो आणि त्यावर शेणमातीचें लिंपण असतें. शहरांतील सुशिक्षित मनुष्य हें बांधकाम पाहून कदाचित् हंसेल. परंतु अर्वाचीन स्थापत्यशास्त्राचें एक महत्त्वाचें तत्त्व त्या कुडांत सामावलेलें आहे.

तें तत्त्व असें: माती, वीट, सिमेंट हे पदार्थ दाब उत्तम सोसतात, पण ताण सोसत नाहींत. त्यांना ओढलें किंवा वांकविलें कीं बारीक भेग पडते, आणि तिच्या टोकाशीं सारा ताण एकवटून ती झपाट्यानें पुढें धांवते. वाटेंत चिवट तंतु आडवा आला, तर तो भेगेचे दोन्ही कांठ धरून ठेवतो. भेग पडते, परंतु भिंत लगेच कोसळत नाहीं. कुडांतील कारवी आणि शेणांतील गवताचे धागे हेंच काम करतात.

या गोष्टीचें महत्त्व नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागांत विशेष पटलें. तेथें भूकंपाचे लहानमोठे धक्के महिनोन्महिने बसत राहिले. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबांनीं उघड्यावर रात्री काढल्या. जमीन हालली म्हणजे भिंत वांकते; म्हणून विटामातीची जड भिंत अशा वेळीं हलक्या कुडापेक्षां अधिक घातक ठरते.

मग काँक्रीट करून लोखंडी सळई घालावी, असें कोणीही म्हणेल. पण डहाणू-तारापूरच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेंत सळई गंजते, गंजतांना फुगते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडते. न गंजणाऱ्या तंतूंचें मोल येथें कळतें. 1935 सालीं अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनींत कॅरोदर्स यांनीं नायलॉन निर्माण केला. 1965 सालीं त्याच कंपनींत स्टेफनी क्वोलेक यांनीं लावलेल्या शोधांतून केवलार हा तंतु जन्मास आला. वजनास वजन धरल्यास तो पोलादाच्या सुमारें पांचपट ताण सोसतो, कारण त्याचे लांबलचक रेणू तंतूच्या दिशेनें समांतर बसलेले असतात.

बांधकामांत मात्र बहुधा स्वस्त तंतु वापरतात. एक घनमीटर काँक्रीटमध्यें पॉलिप्रॉपिलीनचे सुमारें 900 ग्रॅम बारीक तुकडे मिसळले, तर तें सुकतांना पडणाऱ्या भेगा कमी होतात. कांचेचा साधा तंतु सिमेंटमधील अल्कलीनें झिजतो. म्हणून त्या कांचेंत झिरकोनिया घालतात. दुबळ्या खांबाभोंवतीं कार्बन तंतूचें कापड इपॉक्सीनें चिकटवून त्यास बळ देतां येतें; परंतु आगींत इपॉक्सी लवकर मऊ पडतें. शिवाय काँक्रीटमध्यें मिसळलेले बारीक तंतु तुळईंतील सळईची जागा घेऊं शकत नाहींत, हें घर बांधणारानें विसरूं नये.

गरिबाच्या घरासाठींही उपाय आहे. तोक्यो विद्यापीठांतील किमिरो मेगुरो यांनीं खोकीं बांधण्याच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीचा उपयोग केला. बोईसर-तारापूरसारख्या कारखान्यांच्या वसाहतींत ही वस्तु अपरिचित नाहीं. पट्ट्यांची जाळी भिंतीच्या दोन्ही अंगांस लावावी, दोन्ही जाळ्या आरपार भोंकांतून तारेनें बांधाव्या, आणि वरून गिलावा करावा. कारण उन्हानें पट्टी ठिसूळ होते. अशा भिंतीस धक्क्यानें तडे जातील, पण ती अंगावर येण्यापूर्वीं आंतील माणसांस बाहेर पडण्यास अवसर मिळेल. भूकंपांत प्राण वांचतात ते या थोड्या क्षणांवरच.